उतारावर ओरडणारे टायर

रविवार, ५ ऑक्टोबर

आज गाडी ओरडली. दुसरा शब्द सुचत नाही.

गावाचा खडीचा रस्ता संपवून डांबरी उताराला लागलो. पहिलं मोठं वळण आलं, मी स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि ओल्या फरशीवर रबरी चप्पल घासावी तसे टायर किंचाळले. सरळ झाल्यावर गप्प. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. स्टिअरिंगही जड, कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं.

शेजारी बाबा होते. माझे सासरे. जबलवर, आमच्या या डोंगरावर, सगळाच रस्ता खडीचा होता तेव्हापासून गाडी खाली नेणारे सुलैयम बिन हमूद म्हणून आजही लोक त्यांना ओळखतात. आवाज त्यांनी ऐकला असणारच. पण समोर बघत राहिले. ओठ घट्ट मिटलेले. शेवटी मीच विचारलं, "बाबा, कसला आवाज हा?"

"टायर बोलतोय म्हणजे रस्ता धरून आहे," ते म्हणाले. बस्स. टोमणा होता की खरंच सांगत होते, अल्लाहलाच ठाऊक.

खाली निझवा शहरात इस्पितळाच्या आवारात गाडी लावायला वळवली तर आवाजाबरोबर ती ठेचकाळायलाही लागली. पहारेकरी धावत आला. "बाई, ब्रेक धरून चालवताय का?" मी ब्रेकला पायही लावला नव्हता. बाबा आत डायलिसिसच्या मशीनवर होते तोवर मी चारही टायरांभोवती फिरत होते. धड दिसतात. पुढच्यांच्या कडा थोड्या घासल्यात, एवढंच.

माझा नवरा मुहन्ना शुक्रवारीच तेलाच्या छावणीवर गेला. तो महिना तिकडे, महिना इकडे. घरी असला की डायलिसिसला बाबांना तो नेतो, नसला की मी. रविवार, मंगळवार, गुरुवार. चुकवून चालत नाही. एक वेळ चुकली तरी बाबांचे पाय सुजतात आणि श्वास लागतो. मी लायसन्स काढलं ते निझव्याच्या सपाट रस्त्यावर, छोट्या गाडीवर. ही जुनी पिकअप आणि हा उतार असं कुणी तेव्हा म्हणालं असतं तर मी परीक्षेलाच बसले नसते.

सोमवार, ६

पीठ आणायला गाडी काढली आणि मुद्दाम शाळेच्या सिमेंटच्या पटांगणात नेऊन गोल गोल फिरवली. काही नाही! कालची गाडी ही नव्हेच. एका बोटाने वळत होती.

शेजारची ग़ाया भिंतीवरून बघत होती. "ज़ुवैना, एकटीचीच वरात काढलीस का? नवरदेव कुठाय?"

"छावणीवर."

"मग मला घे ना शेजारी, मी मेंदी लावून येते."

हसले, पण आतून हसू येत नव्हतं. काल जे ओरडत होतं ते आज कुठे गेलं? बिघाड सापडला की बरं वाटतं. गायब झालेल्या बिघाडाची जास्त भीती वाटते.

मंगळवार, ७

आज पुन्हा. खडीच्या रस्त्यावर चूप, डांबर लागलं की ओरडा.

पहाटे कॉफी घेऊन बाहेर गेले तर बाबा पुढच्या चाकाशी उकिडवे बसलेले. "काय करताय?" तर म्हणे, "धूळ पुसतोय." मी म्हटलं, उठा, मी पुसते. एकदम चिडले. "माझ्या गाडीची धूळ मला पुसू दे!" गाडी त्यांची हे ते मला विसरू देत नाहीत.

आणि उतारावर त्यांचा पाय. मी ब्रेक लावायच्या आधी त्यांचा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जातो. प्रत्येक वळणाला. तळहात मांडीवर घासत राहतात. इतकं वाईट चालवते का मी? काही बोलायला तोंड उघडलं की त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मिटते. आता ठरवलंय, त्या रस्त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. जाताना गप्प, येताना ते थकून गेलेले असतात म्हणून गप्प.

गुरुवार, ९

ओरडली. पायथ्याच्या चौकीवरच्या पोलिसाने काच खाली करायला लावली. "लांबून ऐकू येते तुमची गाडी. पुढच्या वेळी दाखवून आणा, नाहीतर मी वर सोडणार नाही." त्याचंही बरोबर आहे. या डोंगरावर फक्त चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या सोडतात, आणि त्याही धडधाकट.

संध्याकाळी मुहन्नाचा फोन. "हवा बघितलीस?"

"बघितली. सारखी आहे."

"टायर मडगार्डला घासतो का?"

"वळवून खाली वाकून बघितलं. बोटभर जागा आहे."

"मागचा एक टायर नवा आहे आणि बाकी तीन जुने. तेच असणार. गॅरेजवाल्या गुल नवाझकडे ने."

मी म्हटलं, "मुहन्ना, बाबा बरोबर असले की ओरडते. एकटी असले की नाही."

तो हसला. "बाबांना घाबरते असेल. आम्ही सगळेच घाबरतो."

शनिवार, ११

रात्रभर डोक्यात तेच. बाबा असतात तेव्हा, नसतात तेव्हा नाही. फरक कशाचा? वजनाचा! सकाळी बाबांच्या सीटवर पिठाची पोती रचली, पट्टा लावला आणि पटांगणात गेले. गोल. उलट गोल. स्टिअरिंग टोकापर्यंत. गाडी गप्प.

ग़ाया आलीच. "अगं, पोत्याला पट्टा बांधलास? पोलीस पोत्यालाही दंड करतात का आता?"

सगळं सांगितलं तेव्हा ती थोडी गंभीर झाली. "पोतं बोलत नाही, ज़ुवैना. तुझा सासरा पण बोलत नाही. त्याला विचार की. तो तर या गाडीचा बापच आहे."

"विचारलं. टायर रस्ता धरून आहे म्हणतात."

"मग धरू दे," म्हणून ती गेली. सोपं आहे तिचं.

घरी आले तर बाबा अंगणात उभे. पोती बघून म्हणाले, "हे काय?" मी खरं सांगितलं. "माझ्या जागी पोतं बसवलंस," म्हणाले आणि आत गेले. चूक झाली. पण मी तरी काय करणार होते?

रविवार, १२

गुल नवाझच्या गॅरेजमध्ये बाबांचं मशीन चालू असताना गाडी नेली. तो पेशावरकडचा, आवाज भोंग्यासारखा, मला बाजी म्हणजे ताई म्हणतो. स्वतः चालवून बघितली, दारात फिरवली, गाडी किंचाळली. तो खूष झाला. "बाजी, आवाज पकडला!" मग आधी त्याने छोटी दांडी बघितली, गिअरशेजारची. ती चारवर असली की चारही चाकांना जोर मिळतो. "चारवर तर नाही ना?" दांडी दोनवर होती. बघून मान हलवली. पुढची चाकं समांतर नाहीत म्हणाला, मागचे टायर जोडीने हवेत म्हणाला. दुसरा टायर बदलला, चाकं सरळ केली.

चढताना पहिल्याच वळणावर ओरडा. फोन केला तर म्हणे, "नवीन टायर आहे बाजी, बसायला वेळ लागतो." नवीन टायर मागे आहे, ओरडतात पुढचे. हे त्याला सांगितलं तर म्हणाला लाइन खराब आहे.

घरी पोहोचल्यावर बाबा इतके दमलेले असतात, तरी आधी गाडीभोवती फेरी मारतात. चाकाशी वाकतात, कमरेवर हात ठेवून उठतात, मग घरात येतात. गाडीचा निरोप घेतल्यासारखे. मला त्यांचं हे बघवत नाही. गाडी हातातून गेली म्हणून माणसाला इतकं वाटावं?

मंगळवार, १४

पुन्हा तेच. मुहन्नाला सांगितलं तर तो उखडला. माझ्यावर नाही, सगळ्यावरच. "ऐक, हा खेळ बंद. मी इथे रात्री झोपू शकत नाही. बाबांना त्यांच्या बहिणीकडे, खोला आत्याकडे, ठेवू. तिचं घर इस्पितळाला लागून आहे. गाडी विकून टाकू. तू खाली जायलाच नको."

"त्यांना विचारलंस?"

"तू विचार."

म्हणजे वाईट बोलायची वेळ आली की मी. संध्याकाळी बाबा डाळिंबं उतरवत होते. वरची फळं काठीने, खालची हाताने. मी टोपली धरली आणि सांगून टाकलं. त्यांनी फळ हातात फिरवलं, तडा गेलाय का बघितलं.

"खाली कायमचा?"

"हो, मुहन्ना म्हणतो."

"निझव्याला ऑक्टोबरातही अंगाला घाम चिकटतो. मला तिथे श्वास येत नाही, पोरी. इथे निदान मशीनशिवायचे दिवस माझे असतात." मग म्हणाले, "गाडी आवाज करते म्हणून?"

"हो."

"तू उतारावर घाबरतेस का?"

मी म्हटलं, नाही. खोटं बोलले. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "मी बघतो काय करायचं ते," म्हणाले.

काय बघणार आहेत?

गुरुवार, १६

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी बाबा माझ्याआधी उठून गाडीशी. आज जास्त वेळ होते, पान्हाही हातात होता. खडीच्या रस्त्यावर ठीक. डांबरावर आवाज परवाच्यापेक्षा मोठा. खालचं सगळ्यात आवळ वळण, जिथे एका बाजूला कठडा आणि कठड्यापलीकडे काहीच नाही, तिथे स्टिअरिंग फिरवलं आणि समोरून बंदुकीसारखा आवाज झाला. स्टिअरिंग हातातून हिसकलं गेलं. गाडी सरळ कठड्याकडे निघाली. मी काय केलं मला नीट आठवत नाही. दोन्ही हातांनी डोंगराच्या बाजूला ओढलं, ब्रेकवर उभी राहिले. गाडी डोंगराकडच्या गटारात कलंडून थांबली.

बाबांचं कपाळ काचेला लागलं. थोडं रक्त. ते ओरडले नाहीत. माझा दंड धरून बसले होते, इतका घट्ट की आत्ता तिथे काळंनिळं झालंय.

डाळिंबं घेऊन उतरणाऱ्या एका पिकअपवाल्याने आम्हाला गाडीत घेतलं. बाबा क्रेटला पाठ टेकून बसले. मशीनला वेळेवर लागले. मी बाहेर बाकावर बसून रडले. मुहन्नाला सांगितलं. तो म्हणाला, "आत्याकडेच राहू दे त्यांना. संपलं." या वेळी मी वाद घातला नाही. बाबांबरोबर मीही आत्याकडेच थांबलेय.

शनिवार, १८

गुल नवाझने गाडी ओढून आणली होती. मला बोलावलं. आज भोंगा वाजत नव्हता, हळू बोलत होता.

पुढच्या चाकाचा आतला सांधा तुटलाय. त्यावर ताण येऊन येऊन. ताण कसला? तर त्याने खालचा छोटा गिअरबॉक्स उघडून दाखवला. आत एक काटा असतो, तो दांडीबरोबर सरकतो. तो काटा मोडलेला. "बाजी, वर दांडी दोन दाखवते. आत गाडी चारवरच अडकली. मी त्या दिवशी वरूनच बघितलं. माझी चूक." शेवटचं चारवर कधी टाकलं, त्याने विचारलं. मुहन्नाने, सुट्टीत, वादीला, त्या कोरड्या ओढ्याला, पाणी आलं तेव्हा.

मला तरी पटेना. "मग पटांगणात का नाही ओरडली?"

त्याने पुढच्या चाकाच्या मध्यावरची गोल कळ दाखवली. दोन्ही पुढच्या चाकांना असते. कळ मोकळी असली की ती चाकं आपापली फिरतात, आत काही अडकलेलं असो. आवळली की ती आतल्या आसाला जोडली जातात, म्हणजे मागच्या चाकांशी बांधली जातात. वळताना पुढच्यांना जास्त रस्ता कापायचा असतो आणि मागच्यांना कमी. बांधलेली असली तर कुणाला तरी घसरावंच लागतं. खडीवर ती घसरून घेतात. डांबरावर ओरडतात.

"कळ आवळलेली होती, बाजी. दोन्ही. पान्ह्याने आवळलेली. कोण आवळतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

आणि म्हणता म्हणताच मला चाकाशी उकिडवे बसलेले बाबा दिसले. जाण्याआधी, आल्यानंतर. मी एकटी असले की नाही.

मी तिथेच पालथ्या डब्यावर बसले. गुल नवाझने पाणी आणून दिलं. आधी वाटलं, त्यांना जायचंच नसेल. मशीनचा कंटाळा आला असेल, गाडी बिघडली की सुटका. मग वाटलं, मला नापास करायचं असेल. दोन्हींपैकी काय जास्त वाईट ते ठरवता येत नाहीये. उद्या विचारणार. सोडणार नाही.

रविवार, १९

मशीन झाल्यावर आत्याच्या ओसरीवर बाबा पडून होते. हाताला पट्टी. मी थांबणार होते त्यांना झोप लागेपर्यंत, पण राहवलं नाही.

"बाबा, पुढच्या चाकांच्या कळा तुम्ही आवळायचात?"

"हो." इतकं सरळ.

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, म्हाताऱ्याला माझा भरवसा नाही."

"नाहीच आहे ना!"

ते उठून बसले. "अगं, त्या उतारावर गाडी सुटायला लागली तर दांडी चारवर ओढायची असते. कळा मोकळ्या असतील तर ओढून काय उपयोग? उतरून आवळायला वेळ मिळतो का तेव्हा? खडीचा रस्ता होता तेव्हा मी रोज असंच करायचो. सकाळी आवळायच्या, घरी आलं की सोडायच्या. दांडी तर दोनवरच होती. मग माझं चुकलं कुठे?"

मी सांगितलं. मोडलेला काटा, आत अडकलेली गाडी. मला गुल नवाझला दोनदा विचारावं लागलं होतं. त्यांना अर्ध्या वाक्यात कळलं. ते हातांकडे बघायला लागले.

"म्हणजे टायर रस्ता धरून नव्हते."

"नाही."

"मला तो आवाज ऐकून बरं वाटायचं. वाटायचं, पोरीची गाडी घट्ट आहे." मग, "शेवटी मी पान्हा लावला. तू खोटं बोललीस ना, घाबरत नाही म्हणून. मला कळलं ते. म्हणून अजून आवळल्या."

मी भांडायला आले होते.

"हे मशीन मागे लागेपर्यंत मी त्या उतारावर कधी शेजारी बसलो नव्हतो," ते म्हणाले. "डांबर पडलं, मुहन्नाने गाडी हातात घेतली, तेव्हापासून मी खाली जायचंच टाळलं. आता टाळता येत नाही. तू पुढच्या क्षणी काय करणार ते मला कळत नाही, पोरी. ब्रेक लावणार, गिअर टाकणार, काहीच कळत नाही. तू बोलतही नाहीस. मी नुसता पडायची वाट बघत बसतो."

"तुम्ही बोलत नाही म्हणून मी बोलत नाही!"

"मी भीतीने बोलत नाही."

"मीही!"

आतून आत्या ओरडली, "काय चाललंय? सुई टोचून आलेल्या माणसाशी भांडतात का? लाज नाही?"

बाबा बहिणीला म्हणाले, "भांडत नाही, खोला. हिशेब लागत नव्हता तो लावतोय."

मुहन्नाला फोन केला. गिअरबॉक्सचा काटा मोडला होता, गुल नवाझ बदलतोय, सांधाही, असं सांगितलं. खोटं काही नाही. कळा कुणी आवळल्या ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याच्या सुट्टीपर्यंत बाबांना वरच राहू दे म्हटलं. तो बराच वेळ नको म्हणत होता. शेवटी म्हणाला, "तुला जमेल?" मी म्हटलं, माहीत नाही. या वेळी खरं बोलले.

शुक्रवार, २४

गाडी आणली, बाबांना घेऊन वर आले. प्रत्येक वळणावर खांदे आवळून आवाजाची वाट बघितली. आला नाही. तरी घरी पोहोचेपर्यंत पाठ दुखायला लागली. चढणीला भीती वाटत नाही. रविवारची वाटते.

रविवार, २६

सकाळी बाबा चाकाशी गेले नाहीत. कॉफी प्यायले आणि सीटवर जाऊन बसले. खडीचा रस्ता संपला तिथे मी गाडी थांबवली. दोघंही समोर बघत होतो. खालचा अख्खा उतार दिसत होता.

मी म्हटलं, "बाबा, आता दुसरा गिअर टाकते. ब्रेक सोडते. गिअरवरच उतरणार." आणि सोडला.

"समोर ट्रक येतोय, उजवीकडे घेते. हं, गेला. आता पहिलं वळण, डावं. आधी ब्रेक, वळणात नाही. आता फिरवते. फिरवलं. सरळ."

मला स्वतःचाच आवाज विचित्र वाटत होता, लहान मुलाला घास भरवताना बोलतात तसा. पुढच्या वळणाला मी सांगायला विसरले, तर लगेच बाबा, "आता?"

"आता उजवं. दुसऱ्यातच ठेवते."

"पहिल्यात टाक. हे खोल आहे."

टाकला. खरंच खोल होतं.

मग तेही सांगायला लागले. इथे गाढव उलटलं होतं, इथे पावसात रात्र काढली होती, ही कपार बघ, हिच्याखाली तुझ्या सासूला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिने मला शिव्या घातल्या होत्या. मी मधे मधे ब्रेक, गिअर, वळण म्हणत राहिले. जिथे गाडी गटारात गेली होती तिथे मी फक्त "आवळ वळण, हळू," एवढं म्हटलं. टायरांचा आवाज नव्हता. खडा वाजला तेवढाच.

त्यानंतरही मी बोलत होते. "आता डावं, मोठं. ब्रेक लावते." काही उत्तर आलं नाही. "बाबा?" बघितलं तर मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. मग घोरणं ऐकू आलं.

मी आवाज खाली आणला. चौकीपर्यंत अजून वळणं होती. ती सगळी सांगितली.